मनोविकारांचे प्रकार ठरले कसे: लक्षणांइतकाच दिवसांचा हिशेब

डॉक्टरांच्या कागदावर 'डिप्रेशन', 'बायपोलर' किंवा 'स्किझोफ्रेनिया' असा शब्द दिसला की घरचे लोक आधी लक्षणं ताडून पाहतात: झोपत नाही, बोलत नाही, एकटाच पुटपुटतो. ही नावं मात्र निव्वळ लक्षणांवरून पडलेली नाहीत. आजार कधी सुरू झाला, किती टिकला, मध्ये माणूस पूर्ववत झाला का, हेही त्यांत मोजलेलं असतं.

प्राचीन ग्रीक वैद्यांनी उदासी आणि उन्माद (मॅनिया) वेगळे ओळखले होते. चरकसंहितेत उन्मादाचे (तिथे हा शब्द एकूण वेडासाठी आहे) वातज, पित्तज, कफज, सन्निपातज आणि आगंतुज असे पाच प्रकार आहेत. पुढे 1822 मध्ये फ्रान्समध्ये बेल या डॉक्टरांनी वेडाच्या एका प्रकारात मेंदूच्या आवरणाला सूज असल्याचं शवविच्छेदनात दाखवलं. 1913 मध्ये नोगुची आणि मूर यांना त्याच आजाराच्या रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे (सिफिलिसचे) जंतू सापडले. प्रत्येक मनोविकारामागे असंच एक ठोस कारण निघेल ही आशा त्यामुळे बळावली, पण बहुतेक विकारांत ते निघालं नाही. त्या शोधाचा एक धडा मात्र अजून लागू आहे: थायरॉइडचा बिघाड, बी-12 ची कमतरता, दारू किंवा एखादं औषध यांमुळे हेच चित्र दिसत नाही ना, हे आधी तपासायचं.

रक्ततपासणीत काही दिसत नसेल तर आजार वेगळे करायचे कशावरून? एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने यासाठी प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवलं. त्यावर दाखल होतानाची लक्षणं, तेव्हाचं निदान आणि नंतर त्या माणसाचं काय झालं, हे लिहायचं. मग कार्डं पुन्हा काढून निदान बरोबर होतं का ते पाहायचं. सुरुवातीला सारखे दिसणारे रुग्ण पुढे वेगळ्या वाटांनी गेलेले दिसत. काहींना झटके यायचे, पण मधल्या काळात ते बरे असायचे. काही मात्र हळूहळू खालावत जायचे. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या 1899 च्या आवृत्तीत त्यांनी पहिल्या गटाला 'मॅनिक-डिप्रेसिव्ह' (आजचा बायपोलर साधारण याच गटातला) आणि दुसऱ्याला 'डिमेन्शिया प्रीकॉक्स', म्हणजे अकाली बुद्धिऱ्हास, म्हटलं. दुसरं नाव ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञांना पटलं नाही, कारण आजार दर वेळी तरुणपणीच येत नाही आणि प्रत्येक जण खालावतही नाही. 1908 मध्ये त्यांनी 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द दिला. त्याचा शब्दशः अर्थ 'दुभंगलेलं मन', पण यातली फूट विचार आणि भावना यांच्या मेळातली आहे. 'एका शरीरात दोन माणसं' हा अर्थ साफ चुकीचा आहे, आणि त्याने रुग्णांचं फार नुकसान केलं आहे.

नावं ठरली तरी मोजमाप ठरलं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचं निदान लंडनपेक्षा खूप जास्त का, हे शोधायला दोन्हीकडच्या रुग्णांची एकाच पद्धतीने तपासणी झाली. 1972 मध्ये निष्कर्ष आला की फरक मुख्यतः डॉक्टरांच्या निदानपद्धतीत होता. उन्मादाचा रुग्ण चुकून स्किझोफ्रेनियात मोजला गेला, तर ज्या लिथियमचा उन्मादावर उपयोग होतो हे 1949 पासून माहीत होतं, ते त्याला मिळायचंच नाही.

म्हणून 1980 मध्ये डीएसएम या अमेरिकेतल्या मनोविकार-निदानाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीने (डीएसएम-3) नेमके निकष दिले. आज डीएसएमनुसार डिप्रेशनसाठी 9 पैकी किमान 5 लक्षणं सलग 2 आठवडे लागतात, आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं असावंच लागतं. उन्मादाला 1 आठवडा, सततच्या चिंताविकाराला 6 महिने, आघातानंतरच्या ताणविकाराला महिन्याहून जास्त. स्किझोफ्रेनियाला डीएसएम 6 महिने मागतं, तर जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी ही आजारांची यादी 1 महिना. म्हणजे तीन महिने भास होणाऱ्या एकाच माणसाला दोन पुस्तकांत दोन नावं मिळू शकतात. मंत्रचळ (ओसीडी) आधी चिंताविकारांत मोडत असे, 2013 च्या डीएसएम-5 ने त्याला स्वतंत्र गट दिला.

सर्वांत जास्त गफलत बायपोलरमध्ये होते. माणूस दवाखान्यात येतो तो बहुधा उदास असताना. आधीचा चढता काळ, म्हणजे तीन तास झोपूनही उत्साह, उधळपट्टी, अखंड बडबड, कुणी आजार मानलेलाच नसतो. मग निदान नुसतं डिप्रेशनचं होतं, आणि फक्त नैराश्यविरोधी गोळ्या दिल्यास काहींना त्यातून उन्मादाचा झटका येतो. म्हणून तपासणीला जाताना मागच्या काही वर्षांतले चढ-उतार महिन्यांनिशी लिहून न्यावेत, आणि ते जवळच्या माणसालाही विचारावेत, कारण चढत्या काळात रुग्णाला स्वतःला छानच वाटत असतं.

दिवसांचा हा हिशेब अजून चालूच आहे. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये लांबलेल्या शोकाचा विकार आला. त्यासाठी किमान 6 महिने धरले आहेत. त्याच वर्षीच्या सुधारित डीएसएममध्ये प्रौढांसाठी हीच मुदत 12 महिने आहे.