लांडग्याला ‘अळी’ म्हणणारी भाषा

मंगोलियातील ओरखोन नदीच्या खोऱ्यात इ. स. ७३२ मध्ये उभारलेल्या क्यूल तेगिन या तुर्क राजपुत्राच्या जुन्या तुर्की भाषेतील शिलालेखात त्याचा थोरला भाऊ, सम्राट बिल्गे कागान सांगतो, की त्याच्या वडिलांचे सैन्य लांडग्यांसारखे होते आणि शत्रू मेंढरांसारखे. याच वाक्यातील दोन प्राण्यांची नावे पुढच्या तेराशे वर्षांत अगदी भिन्न वाटांनी गेली.

मेंढीचे नाव ‘कोञ’ होते. त्यातला शेवटचा ध्वनी आपल्या ‘ञ’सारखा, तुर्की कुळातील बहुतेक भाषांत तो टिकला नाही. तुर्कस्तानात ‘कोयुन’ झाले, तर कझाकमध्ये नुसते ‘कोय’ उरले. शब्द मात्र तोच राहिला. रोज मोजायच्या, दोहायच्या आणि विकायच्या जनावराचे नाव बदलण्याचे कारणच नव्हते.

लांडग्याचे जुने नाव ‘ब्योरी’. कझाक आणि किरगिझ भाषांत ते आजही आहे, पण तुर्कस्तानात आणि अझरबैजानात लांडग्याला ‘कुर्त’, ‘गुर्द’ म्हणतात, आणि या शब्दाचा मूळ अर्थ आहे अळी किंवा किडा. अकराव्या शतकात बगदादमध्ये तुर्की शब्दकोश रचणाऱ्या महमूद काश्गरीनेही नोंदवले आहे, की इतर तुर्कांचा ‘कुर्त’ म्हणजे किडा, तर ओघूझ टोळ्यांचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तान-अझरबैजानातील लोकांच्या भाषिक पूर्वजांचा, लांडगा. नाव घेतले की लांडगा कळपावर येतो, या भीतीने मेंढपाळांनी क्षुद्र किड्याचे नाव पुढे केले असावे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ज्या तुर्क राजकुळाच्या दंतकथेत लांडगीण ही आदिमाता आहे, त्यांच्याच भाषाबंधूंनी असे करावे, यात मला आदर आणि भय यांची गाठ दिसते. आपल्याकडेही खेड्यांत रात्री सापाला साप न म्हणता ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणतात.

अस्वलाच्या बाबतीत अधिक सावधपणे पाहावे लागते. जुन्या ‘अदिग’चे तुर्कस्तानात ‘आयी’ झाले, हे नवे नाव वाटेल. परंतु पायाला असलेल्या ‘अदक’ या शब्दाचेही तिथे ‘आयाक’ झाले आहे, म्हणजे हा केवळ ‘द’चा ‘य’ होण्याचा नियम आहे. सायबेरियातील याकुत या तुर्की कुळातल्याच भाषेत हाच पाय ‘अताख’ आहे, तेव्हा अस्वलाच्या नावातही ‘त’ ऐकू यायला हवा होता. तिथे मात्र अस्वलाला ‘एहे’ म्हणतात, आणि ‘एहे’ म्हणजे आजोबा.