गुडघ्याच्या झिजेतील सांधाचलन उपचार

झिजेमुळे आखडलेला गुडघा पुन्हा पुरता वाकावा आणि पुरता सरळ व्हावा, यासाठी केले जाणारे भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी. या झिजेला वैद्यकात ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. मुंबईतल्या बाह्यरुग्ण विभागांत ती ‘गॅप कमी झाली’ किंवा ‘वंगण संपलं’ अशा शब्दांत ऐकू येते. गॅपचे म्हणणे खरे आहे, कारण एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली जी फट दिसते ती कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाची, जाडी असते. वंगणाच्या समजुतीने मात्र नुकसान होते, कारण वंगण संपले असे वाटले की माणूस गुडघा हलवणेच थांबवतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवावर तिचे पोषण होते आणि हा द्रव तिच्यात झिरपण्यासाठी सांधा दाबला जाऊन मोकळा व्हावा लागतो. हालचाल बंद केली तर उरलेल्या कूर्चेचीही उपासमार होते.

निरोगी गुडघा शून्यापासून सुमारे १३५ ते १४० अंशांपर्यंत वाकतो. सपाट रस्त्यावर चालायला साधारण ६० अंश पुरतात, जिन्याला ८० ते ९० लागतात आणि खुर्चीतून उठायला ९० च्या थोडे पुढे जावे लागते. मांडी घालून पंगतीला किंवा आरतीनंतर जमिनीवर बसणे आणि भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसणे यांना ११० च्या बरेच पुढे, अनेकदा १३० हून अधिक अंश लागतात. म्हणून उपचाराचे ध्येय ठरवताना त्या माणसाचे घर कसे आहे हे विचारावे लागते. लिफ्ट आणि कमोड असलेल्या घरात ११० अंशांवर दिवस सुरळीत जातो. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि सामायिक संडास वापरणाऱ्या बाईला तेवढे पुरत नाहीत.

वाकणे कमी झाले की लगेच कळते. सरळ होणे कमी झालेले मात्र वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही आणि तेच जास्त घातक ठरते. सूज आलेला, ‘पाणी झालेला’ गुडघा २५ ते ३० अंश वाकलेल्या स्थितीत सर्वांत आरामात असतो, कारण तेव्हा सांध्याच्या पिशवीवर ताण कमी पडतो. त्यामुळे रुग्ण झोपताना गुडघ्याखाली उशी घेतो. त्या रात्री बरे वाटते, पण काही महिन्यांत मांडीमागचे स्नायू आणि सांध्याची मागची पिशवी त्याच लांबीत आखडते. मग उभे राहतानाही गुडघा थोडा वाकलेलाच राहतो, मांडीच्या पुढच्या स्नायूला सतत काम करावे लागते आणि तो लवकर थकतो. उशी काढणे हा या उपचारातला सर्वांत स्वस्त भाग आहे. गुडघ्याखालच्या उशीऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतात, गुडघा अधांतरी सोडतात आणि दहा-पंधरा मिनिटे तसेच पडून राहतात. त्याच स्थितीत गुडघा खाली दाबून पाच-दहा सेकंद धरला की मांडीचा पुढचा स्नायूही जागा होतो.

वाकणे वाढवण्यासाठी पलंगावर पाय पसरून टाच हळूहळू कुल्ल्याकडे सरकवतात. शेवटचा भाग पंचा किंवा जुनी ओढणी घोट्याभोवती अडकवून हाताने ओढतात. स्थिर सायकलचे पेडल पूर्ण फिरवायला साधारण १०५ ते ११० अंश लागतात, म्हणून सुरुवातीला सीट उंच ठेवतात. व्यायामानंतर थोडे दुखले तरी चालते. ती वाढीव दुखी दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली, तर मात्रा कमी करायची.

हाताने केल्या जाणाऱ्या उपचाराला मोबिलायझेशन म्हणतात. यात थेरपिस्ट नडगीचे हाड मागे ढकलून वाकणे आणि पुढे ओढून सरळ होणे सुधारतात, तसेच गुडघ्याची वाटी वर-खाली सरकवतात. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलँड यांच्या पद्धतीत हाताने दिल्या जाणाऱ्या या झोक्यांच्या चार पायऱ्या आहेत: पहिल्या दोन दुखण्यासाठी आणि पुढच्या दोन आखडण्यासाठी. न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन यांच्या पद्धतीत थेरपिस्ट हाड धरून ठेवतो आणि हालचाल रुग्ण स्वतः करतो. अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयांमध्ये १५६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हाताचे उपचार आणि व्यायाम घेतलेल्यांचे दुखणे व अडचण एका वर्षानंतर स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा कमी होती. यात व्यायामाचा वाटा मोठा मानावा लागेल, कारण अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात व्यायामाची जोरदार शिफारस आहे, पण नुसत्या व्यायामाऐवजी व्यायामासोबत हाताचे उपचारही घ्यावेत याला तिथे पाठिंबा नाही.

‘मशीन लावायला’ म्हणून महिनोन्‌महिने क्लिनिकमध्ये जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. त्याच मार्गदर्शनाने गुडघ्यासाठी टेन्स यंत्राच्या, म्हणजे त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणाऱ्या यंत्राच्या, विरोधात स्पष्ट शिफारस केली आहे. शेकाने स्नायू सैल होतात आणि त्यानंतर व्यायाम सोपा जातो, तेवढा त्याचा उपयोग आहे. शेक घेऊन रुग्ण तसाच घरी गेला, तर सांध्याला एक अंशही मिळत नाही.

भारतात या विद्येची पायाभरणी मुंबईत झाली. पोलिओच्या साथींनंतर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. केईएम, शीव आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत आज फिजिओथेरपीचे विभाग आहेत.

रेल्वेच्या पुलांचे जिने टाळता येत नाहीत, म्हणून ते चढण्याची रीतही उपचारातच शिकवतात. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा, काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची.

सर्वच गुडघे मोकळे होत नाहीत. हालचालीचा शेवट हाडावर हाड अडल्यासारखा कडक लागत असेल, तर ओढूनताणून अंश मिळत नाहीत. गुडघा लाल, गरम झाला असेल, ताप असेल किंवा तो मध्येच अडकत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून बराच अधिक टिकत असेल, तर झिजेपेक्षा वेगळ्या संधिवाताची शंका घेतात. सांधा बदलण्याची तारीख ठरली म्हणून व्यायाम सोडणे चुकीचे आहे. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल, हे मुख्यतः आधी तो किती वाकत होता यावर ठरते.