केळीच्या बुडाशी पडणारे सुपर फॉस्फेट कसे घडते

रावेर-यावल पट्ट्यात केळी दीड बाय दीड मीटरवर लावली तर हेक्टरी 4444 झाडे बसतात. शिफारशीप्रमाणे झाडामागे 40 ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) द्यायचा, म्हणजे 16 टक्क्यांचे सिंगल सुपर फॉस्फेट 250 ग्रॅम. हेक्टरचा हिशेब होतो 1111 किलो, म्हणजे 50 किलोच्या बावीस गोण्या. एवढे सुपर करायला कारखान्यात साधारण 600 किलो फॉस्फेटचा दगड आणि 390 किलो निव्वळ सल्फ्युरिक ॲसिड लागते. गंमत अशी की चांगल्या दगडात 30 टक्क्यांच्या आसपास स्फुरद मुळातच असतो, तयार सुपरच्या जवळजवळ दुप्पट. मग दगडच बारीक दळून शेतात का टाकू नये?

आसामच्या चहामळ्यांत किंवा केरळच्या रबर बागांत तसे करता येते, कारण तिथली जमीन आम्लधर्मी आहे आणि ती दगड हळूहळू विरघळवते. तापीकाठच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू (pH) 8 च्या आसपास असतो. तिथे दळलेला दगड वर्षानुवर्षे तसाच पडून राहील. या दगडातले मुख्य खनिज फ्लोरॲपेटाइट, आणि त्यात स्फुरद कॅल्शियमने घट्ट बांधलेला असतो. स्फुरदाच्या दर सहा अणूंमागे कॅल्शियमचे दहा अणू. खत कारखान्याचे सगळे काम म्हणजे यातला बराचसा कॅल्शियम दुसऱ्या कशाशी तरी बांधून स्फुरद मोकळा करणे.

खान्देशाखाली सगळा बेसॉल्टचा खडक, त्यात फॉस्फेटचे खाणकाम करण्याजोगे थर नाहीत. आपल्याला सर्वांत जवळचे साठे मध्य प्रदेशात झाबुआ भागात आणि राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला. झामरकोटड्याचा साठा 1968 मध्ये सापडला. हे दोन्ही साठे प्राचीन समुद्रातल्या सूक्ष्मजीवांनी रचलेल्या स्ट्रोमॅटोलाइट थरांतले आहेत आणि त्यांच्यासोबत डोलोमाइट येतो. डोलोमाइट म्हणजे मॅग्नेशियम, आणि मॅग्नेशियम ही सुपरवाल्यांची जुनी डोकेदुखी. म्हणून देशातला कमी प्रतीचा दगड आधी तरंगवून शुद्ध करावा लागतो आणि जॉर्डन, इजिप्त, मोरोक्कोचा दगड जहाजांनी आणावा लागतो.

सुपरची कृती जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी 1842 मध्ये तिचे पेटंट घेतले. भारतातला पहिला सुपर कारखाना 1906 मध्ये तमिळनाडूतल्या राणीपेटला निघाला. यंत्रे बदलली, रसायनशास्त्र तेच राहिले.

पहिले काम दळण्याचे. दगड रोलर मिलमध्ये इतका बारीक करतात की 80 ते 90 टक्के पीठ 100 मेशच्या चाळणीतून, म्हणजे 0.15 मिलिमीटरच्या छिद्रांतून, खाली उतरते. इथे वीज वाचवायला दळण जाड ठेवले की पुढे कितीही ॲसिड ओतले तरी मोठ्या कणाचा गाभा कोरडाच राहतो. तो स्फुरद कागदावर 'एकूण' स्फुरदात मोजला जातो, पिकाच्या हाती लागत नाही.

दुसरे काम ॲसिडचे. 98 टक्क्यांचे सल्फ्युरिक ॲसिड पाण्याने 65 ते 75 टक्क्यांपर्यंत उतरवतात. हे करताना ॲसिड पाण्यात सोडायचे, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, कारण त्यातून निघणारी उष्णता पाण्याची तिथल्या तिथे वाफ करते आणि ॲसिड अंगावर उडते. पातळ केलेले गरम ॲसिड आणि पीठ वजनाच्या ठरलेल्या प्रमाणात मिक्सरमध्ये एकत्र येतात. एक टन सुपरमागे साधारण 550 किलो पीठ आणि 70 टक्क्यांचे 500 किलो ॲसिड. बेरीज एका टनावर जाते, पण वरचा भाग वाफ आणि वायू होऊन निघून जातो. मिक्सरमध्ये माल एक-दोन मिनिटेच राहतो. तेवढ्यात तापमान 100 अंशांच्या घरात जाते आणि दाट राखाडी राळ, म्हणजे खिरीसारखा लगदा, तयार होते.

ही राळ डेनमध्ये पडते. डेन म्हणजे सावकाश सरकणाऱ्या पट्ट्यांचा बंदिस्त बोगदा. अर्ध्या ते एका तासात राळ घट्ट होते आणि आत कोंडलेले वायू निघताना तिला अनारशासारखी जाळी पडते. ही जाळी महत्त्वाची. दगडात थोडा कार्बोनेट असेल तर त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड माल फुलवतो. अजिबात नसेल तर माल विटेसारखा घट्ट बसतो आणि फार असेल तर तो ॲसिड फुकट खातो. डेनच्या टोकाला फिरती कातरणी ही वडी कापून खाली टाकते.

ॲसिडच्या तीव्रतेची मर्यादा इथेच कळते. 75 टक्क्यांच्या वर गेलात तर प्रत्येक कणाभोवती कॅल्शियम सल्फेटचे इतके बारीक स्फटिक बसतात की ॲसिडला आत वाटच मिळत नाही. माल पटकन सुकल्यासारखा दिसतो, आत मात्र कच्चा दगड. फार पातळ ॲसिड घेतले तर राळ बसतच नाही, डेनमधून चिखल बाहेर येतो. प्रमाणातही तसेच. ॲसिड कमी पडले तर विद्राव्य स्फुरद घटतो, जास्त झाले तर माल ओलसर, चिकट आणि आंबट राहतो.

डेनमधून निघालेला माल अजून खत झालेला नसतो. सल्फ्युरिक ॲसिड पहिल्या झपाट्यात सुमारे सत्तर टक्के दगडावर काम करते आणि संपते. तेव्हा तयार झालेले असते कॅल्शियम सल्फेट आणि मोकळे फॉस्फोरिक ॲसिड. उरलेल्या दगडावर हे फॉस्फोरिक ॲसिड स्वतः काम करते, पण फार संथपणे. त्यातून मोनोकॅल्शियम फॉस्फेट तयार होते आणि पिकाला लागतो तो पाण्यात विरघळणारा स्फुरद यातच असतो. म्हणून माल शेडमध्ये ढीग घालून दोन ते सहा आठवडे मुरवतात आणि मधून मधून लोडरने उलथवतात. मोकळ्या आम्लाचे प्रमाण दिवसागणिक उतरत जाते. हंगाम तोंडावर आला, मृगाची मागणी वाढली आणि अर्धा मुरलेला माल गोणीत भरला, तर तो गोणीतच मुरत राहतो. थप्पीतल्या गोण्या दगडासारख्या होतात, भुकटी हाताला झोंबते, बियाण्याजवळ पडली तर कोंब जाळते. माझ्या मते सुपरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या घाईत आहे.

काही मालाचे उलटेही होते. दगडात लोह आणि ॲल्युमिनियम जास्त असेल तर मोकळा झालेला स्फुरद साठवणीत त्यांच्याशी बांधला जातो आणि विद्राव्यता महिन्यामहिन्याने घसरते. मॅग्नेशियम जास्त असेल तर माल हवेतला ओलावा खेचतो.

मुरलेल्या भुकटीचे दाणे करायचे तर ती फिरत्या ड्रममध्ये पाणी किंवा वाफेच्या साहाय्याने वळतात, ड्रायरमध्ये सुकवतात आणि 1 ते 4 मिलिमीटरचे दाणे चाळून घेतात. बारीक आणि जाड माल परत फिरवला जातो. ड्रायर फार तापवला तर मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधले पाणी निघून जाते आणि विद्राव्यता घटते.

या सगळ्यात फ्लोरिन कुठे जातो, हे शेजारच्या गावांनी विचारायलाच हवे. दगडातला फ्लोरिन हायड्रोजन फ्लोराइड होऊन सुटतो, दगडातल्याच वाळूशी जुळून सिलिकॉन टेट्राफ्लोराइड बनतो आणि डेनच्या धुरातून बाहेर पडू पाहतो. त्याला पाण्याच्या फवाऱ्याखाली, म्हणजे स्क्रबरमध्ये, पकडावे लागते. तिथे फ्लोसिलिसिक ॲसिड मिळते आणि सोबत सिलिकाचा पांढरा लगदा. हा लगदा पाइप आणि नोझल बुजवतो, म्हणून स्क्रबर नियमित उघडून साफ करणे हा देखभालीचा भाग आहे. ते टाळले तर वायू आसपासच्या चाऱ्यावर बसतो आणि जनावरांच्या दातांवर-हाडांवर फ्लोरोसिस दिसू लागतो.

खत नियंत्रण आदेश, 1985 प्रमाणे भुकटी सुपरमध्ये पिकाला उपलब्ध होणारा स्फुरद किमान 16 टक्के, गंधक किमान 11 टक्के, मोकळे आम्ल जास्तीत जास्त 4 टक्के आणि ओलावा जास्तीत जास्त 12 टक्के हवा. गंधकाचा आकडा कुठून आला ते वरच्या हिशेबातून निघते. टनामागे 350 किलो निव्वळ सल्फ्युरिक ॲसिड, त्याच्या 98 भागांत 32 भाग गंधक, म्हणजे 114 किलो. ॲसिडमधून आलेला हा गंधक कॅल्शियम सल्फेटच्या रूपात गोणीतच राहतो. कपाशी, भुईमूग आणि कांद्याला तो उपयोगी पडतो, म्हणून सुपरला 'फक्त सोळा टक्क्यांचे खत' म्हणणे अन्यायाचे आहे. आणखी एक ध्यानात ठेवावे: गोणीवरचा स्फुरद ऑक्साइडच्या हिशेबात लिहितात. झाडाला दिलेल्या 40 ग्रॅममध्ये मूलद्रव्य स्फुरद साडेसतरा ग्रॅमच असतो.

डीएपीचा, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेटचा, रस्ता वेगळा. तिथे दगडावर इतके सल्फ्युरिक ॲसिड घालतात की सगळाच कॅल्शियम जिप्सम होतो आणि तो गाळून फेकला जातो. उरते ते फॉस्फोरिक ॲसिड. रिॲक्टर 70 ते 80 अंशांवर ठेवतात आणि गाळलेले ॲसिड 26 ते 30 टक्के स्फुरदाचे मिळते. ते पुढे आटवून 54 टक्क्यांपर्यंत नेतात. सगळी मदार जिप्समच्या स्फटिकांवर असते. ते जाड आणि सारखे आले तर फिल्टर भराभर चालतो. द्रवात सल्फेट फार वाढले तर दगडावर थर बसून क्रिया थांबते, कमी पडले तर स्फुरद जिप्समच्या स्फटिकातच अडकून वाया जातो. एक टन स्फुरदामागे सुमारे पाच टन जिप्सम उरतो, म्हणून अशा कारखान्यांशेजारी जिप्समचे पांढरे डोंगर उभे राहतात.

या फॉस्फोरिक ॲसिडमध्ये अमोनिया सोडतात, आणि तोही दोन टप्प्यांत. आधीच्या टाकीत फॉस्फोरिक ॲसिडच्या एका रेणूमागे अमोनियाचे सुमारे 1.4 रेणू, कारण त्या प्रमाणाला विद्राव्यता सर्वांत जास्त असते आणि राळ पंपाने ढकलता येते. उरलेला अमोनिया फिरत्या ड्रममध्ये दाण्यांच्या थराखालून देतात. तिथे विद्राव्यता एकदम घसरते, क्षार स्फटिक होऊन दाण्यांवर चढतो आणि 18-46-0 (18 टक्के नत्र, 46 टक्के स्फुरद), म्हणजेच डीएपी, तयार होते. डीएपीच्या एका गोणीत 23 किलो स्फुरद आणि 9 किलो नत्र. सुपरच्या तीन गोण्यांत 24 किलो स्फुरद, वर साडेसोळा किलो गंधक. नत्र मात्र युरियातून वेगळा द्यावा लागतो.

दाणेदार सुपर आणि डीएपी दिसायला सारखे असल्याने फसवणूक होते. दाणे तळहातावर चुन्याबरोबर चोळावेत. डीएपी असेल तर अमोनियाचा उग्र वास नाकात जातो, सुपरला तो येत नाही. चुनखडीच्या रानात हेच नैसर्गिकपणे घडते, म्हणून डीएपी बियाण्याला खेटून पेरू नये.

सुपरचा दाणा ओल्या मातीत विरघळला की त्याच्याभोवतीच्या पाण्याचा सामू 1.5 पर्यंत उतरतो. ते तीव्र आम्ल आजूबाजूचा चुना विरघळवते आणि मोकळा झालेला कॅल्शियम स्फुरदाला पुन्हा धरतो. आधी डायकॅल्शियम फॉस्फेट, मग काही महिन्यांत त्याहून अवघड क्षार. कारखान्यात ॲसिड खर्चून सोडवलेली गाठ आपल्या जमिनीत चुना परत बांधतो. म्हणून खान्देशात सुपर विखरून टाकणे म्हणजे जास्तीत जास्त चुन्याशी त्याची भेट घालून देणे. स्फुरद दाण्यापासून काही सेंटिमीटरपेक्षा दूर जात नाही, तेव्हा तो मुळांजवळ बांगडी करून किंवा ओळीत, शेणखतात मिसळून, मातीआड द्यावा.

युरिया आणि सुपर एकत्र करायचे असेल तर टाकायच्या वेळीच करावे. मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधले स्फटिकजल युरिया बाहेर ढकलतो आणि मिश्रण स्वतःच्याच पाण्याने ओले होते. 30 अंशांना निव्वळ मोनोकॅल्शियम फॉस्फेट 94 टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडे राहते, युरिया 72 टक्क्यांपर्यंत, दोघांचे मिश्रण मात्र 65 टक्क्यांनाच पाणी सुटू लागते. जुलैत रात्रभर ठेवलेल्या ढिगाचा सकाळी चिखल होतो तो यामुळे.

ठिबकवर केळी असेल तर डीएपी टाकीत विरघळवू नये. गाळून केलेल्या फॉस्फोरिक ॲसिडमधले लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम डीएपीत उतरलेले असतात, त्यांचा गाळ ड्रिपर बुजवतो. शिवाय डीएपी पाण्याचा सामू वाढवतो आणि बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम साका होऊन नळीत बसतो. 12-61-0, म्हणजे विद्राव्य मोनोअमोनियम फॉस्फेट, शुद्ध केलेल्या ॲसिडपासून करतात आणि त्याचे पाणी सौम्य आम्लधर्मी असते, म्हणून ते चालते. पण कॅल्शियम नायट्रेट त्याच टाकीत कधीही टाकू नये. ते वेगळ्या दिवशी सोडावे आणि मधे साध्या पाण्याने लॅटरल (ठिबकच्या नळ्या) धुऊन घ्याव्यात.