पटात बैल हाणला, तर जाब कोणाला?

संक्रांत उलटली की विदर्भात शंकरपटांचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, बॅनर झळकू लागतात. एकेका बॅनरवर आमदार, जिल्हा परिषद सदस्य, सरपंच असे डझनभर फोटो. परवानगीच्या अर्जावर मात्र एखाद-दुसरीच सही. बैलाला तुतारी (टोकाला अणकुचीदार खिळा असलेली काठी) टोचतानाचा व्हिडिओ फिरला की फोटोवाले म्हणतात, "आमी तं फक्त नारळ फोडाले आलो होतो." मग सगळं येतं धुरकऱ्यावर, म्हणजे जोडी हाकणाऱ्यावर.

हे आजचं नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला मारणं, बेदम पळवणं हा गुन्हा आहे. देखरेखीत कसूर करणाऱ्या मालकालाही त्यात दोषी धरता येतं. पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये! आणि पट भरवणारी मंडळी या चित्रात जवळजवळ नव्हतीच. कायद्याला चाबूक दिसत होता, मंडप दिसत नव्हता.

मंडपापर्यंत बात पोचली ती उलट्या वाटेने. 11 जुलै 2011 रोजी केंद्राने खेळ-प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. तळेगाव दशासरचा गाजलेला पट असो की झाडीपट्टीतले, जिथे दिवसा जोड्या पळतात आणि रात्री नाटक रंगतं, सगळेच त्या एका निकालाखाली आले. कोण्या एका मंडळाची चूक ठरवणं अवघड होतं, म्हणून अख्खा खेळच थांबला. नीट पट भरवणाऱ्यांचा राग मला म्हणूनच समजतो.

घोडेस्वारीच्या जगात पैसा जास्त, नियम जास्त. तरी गुंता तोच. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली मॉडर्न पेंटॅथलॉनच्या (घोडेस्वारी धरून पाच खेळांची स्पर्धा) एका जर्मन प्रशिक्षक बाईंनी बिथरलेल्या घोड्याला बुक्की मारली. त्यांना स्पर्धेतून काढलं. पण या खेळात घोडा चिठ्ठीने मिळायचा आणि स्वाराला त्याची ओळख करून घ्यायला 20 मिनिटं असायची. हा नियम त्या बाईंचा नव्हता, आंतरराष्ट्रीय संघटनेचा होता. त्याच वर्षी संघटनेने 2024 च्या पॅरिस स्पर्धेनंतर घोडेस्वारीच वगळायचं ठरवलं, तेही खेळाडूंना विश्वासात न घेता. साडेसहाशेहून अधिक खेळाडूंनी अध्यक्ष क्लाउस शोरमान आणि कार्यकारिणीचा राजीनामा मागितला. 1993 पासून अध्यक्ष असलेले शोरमान 2024 पर्यंत राहिले. खुर्ची राहिली, घोडा गेला.

घोडेस्वारीच्या जागतिक महासंघातली अडचण आणखी नाजूक होती. 2009 मध्ये लांब पल्ल्याच्या शर्यतीतल्या घोड्याला बंदी असलेलं औषध दिल्याबद्दल त्या घोड्याचे स्वार, दुबईचे शासक शेख मोहम्मद यांना सहा महिन्यांची बंदी झाली. औषध देणारा प्रशिक्षक वेगळा होता. पण तिथे स्वार हीच 'जबाबदार व्यक्ती' असते, मला माहीत नव्हतं म्हणून सुटका नाही. महासंघाच्या अध्यक्ष तेव्हा त्यांच्या पत्नी, राजकन्या हया होत्या. त्या 2014 मध्ये पायउतार झाल्या आणि घोड्यांच्या हालांवरून अमिरातीची अख्खी राष्ट्रीय संघटना निलंबित झाली ती 2015 मध्ये. एकट्या स्वारावरून संघटनेपर्यंत यायला इतकी वर्षं गेली.

महाराष्ट्रात 1960 च्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पटाला पुन्हा वाट करून दिली. ती उच्च न्यायालयात अडली, आणि 16 डिसेंबर 2021 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शर्यती प्रत्यक्षात सुरू झाल्या. या वेळी मात्र आयोजक कागदावर आला. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, 50 हजार रुपयांची अनामत, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, कमाल 1000 मीटर अंतर. काठी, चाबूक, विजेचा झटका, सगळ्याला मनाई. नियम मोडले तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. 10 रुपयांच्या दंडापुढे ही मोठीच मजल. फक्त अनामत गावच्या वर्गणीतून भरली, तर ती जप्त होऊनही कोणाच्या खिशाला चटका बसत नाही.

18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्रासह राज्यांचे असे दुरुस्ती कायदे वैध ठरवले. पट टिकला, या आनंदात त्या निकालातलं एक वाक्य आपल्याकडे फारसं कोणी वाचलं नाही. नियम काटेकोर पाळले जातात की नाही, याला जिल्हाधिकारी व सक्षम अधिकारी जबाबदार राहतील, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे व्हिडिओ हाती आला तर ठाण्यात द्यावाच, पण लेखी तक्रारीची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे आवक क्रमांक घेऊन द्यावी. आणि तिला परवानगीपत्राची प्रत जोडावी, बॅनरचा फोटो नव्हे.