निसर्गदृश्यांचे पॅनोरमा छायाचित्रण

एका जागी उभे राहून नजर फिरवली की जेवढा मुलूख दिसतो, तेवढा एकाच लांबट चित्रात उतरवण्याची छायाचित्रणातील पद्धत. नेहमीच्या लेन्सच्या चौकटीत साधारण ४० ते ६० अंशांचे दृश्य मावते. पॅनोरमात ते १२०, १८० किंवा पूर्ण ३६० अंशांपर्यंत जाते. चित्राची लांबी उंचीच्या निदान दुप्पट असावी असा सर्वसाधारण संकेत आहे. मात्र साधा फोटो वरून-खालून कापून लांबट केला, तर आकार पॅनोरमाचा येतो आणि दृश्य पूर्वीइतकेच राहते. पॅनोरमाचे खरे लक्षण त्याच्या आकारात नाही, वळण्यात आहे. जागा न सोडता वळणे ही या छंदाची पहिली अट आहे आणि त्यातल्या बहुतेक अडचणी व बहुतेक आनंद तिच्यातूनच येतात.

‘पॅनोरमा’ हा शब्द छायाचित्रणापेक्षा जुना आहे. ‘सर्व’ आणि ‘दृश्य’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो तयार झाला. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये एडिंबरो येथे असताना गोलाकार भिंतीवर चहूबाजूंचे दृश्य रंगवण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. पुढे १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये खास त्यासाठी बांधलेली गोल इमारत उघडली. प्रेक्षक मधल्या चौथऱ्यावर उभे राहत आणि भोवतालचे चित्र वळून वळून पाहत. म्हणजे पाहणाऱ्यासाठी एक ठरलेला बिंदू आणि त्याभोवती दृश्य ही रचना कॅमेरा येण्यापूर्वीच पक्की झाली होती.

छायाचित्रकारांनी ती दोन वाटांनी उचलली. पहिली वाट यंत्राची. १८४३ मध्ये ऑस्ट्रियात योझेफ पुखबर्गर याने फिरत्या लेन्सच्या कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. वक्र धातुपत्र्यावर सुमारे १५० अंशांचे दृश्य त्यात उमटे. १९०४ मध्ये पेटंट झालेल्या ‘सर्कट’ कॅमेऱ्यात अख्खा कॅमेराच दातेरी चाकावर फिरे आणि आतली फिल्म उलट दिशेने एका बारीक फटीसमोरून सरके. शाळांचे मोठे समूहफोटो याच कॅमेऱ्याने निघत. कॅमेरा फिरत असताना रांगेच्या मागून धावत जाऊन एखादा मुलगा एकाच फोटोत दोन्ही टोकांना उभा दिसे. या गमतीत पॅनोरमाचे एक मूलभूत सत्य आहे: त्याचे डावे टोक आणि उजवे टोक एकाच क्षणाचे नसते.

दुसरी वाट वेगवेगळे फोटो शेजारी मांडण्याची, आणि आजचा छंद मुख्यतः तिच्यावरून चालतो. चार्ल्स बेलिस आणि बर्नहार्ट होल्टरमन यांनी १८७५ मध्ये सिडनी बंदराचे दृश्य होल्टरमनच्या घराच्या मनोऱ्यावरून २३ भागांत टिपले. ती मालिका जवळजवळ १० मीटर लांब आहे. तीन वर्षांनी एडवर्ड मायब्रिजने सॅन फ्रान्सिस्को शहराचे ३६० अंशांचे दृश्य १३ मोठ्या काचांवर घेतले. काच ओली असतानाच तिच्यावर फोटो घेऊन ती लगेच धुवायची, अशी ती प्रक्रिया होती. त्यामुळे एका पॅनोरमाला काही तास लागत, आणि तेवढ्या वेळात सावल्या सरकत. मायब्रिजच्या चित्रात त्या सरकलेल्या सावल्या दिसतात.

फिल्मच्या काळात ६ × १७ सेंटिमीटरची लांबट निगेटिव्ह देणारे कॅमेरे निसर्गदृश्ये टिपणाऱ्यांचे आवडते होते. एका रोलमध्ये अवघे चार फोटो बसत. १९९८ मध्ये आलेल्या ‘हॅसलब्लाड एक्सपॅन’ या कॅमेऱ्याने ३५ मिलिमीटरच्या साध्या फिल्मवर ६५ मिलिमीटर लांबीची चौकट दिली. त्याच वर्षी हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकाने ‘पॅनोरमा टूल्स’ ही संगणकप्रणाली मोफत उपलब्ध केली. आजही वापरात असलेली ‘हगिन’ ही मोफत प्रणाली तिच्याच पायावर उभी आहे. डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये दोन फोटोंतील समान खुणा संगणकाने आपोआप ओळखण्याची पद्धत मांडली होती. २००३ मध्ये त्यांनी आणि मॅथ्यू ब्राउन यांनी ती वापरून ढिगातून कोणते फोटो एकमेकांना जोडायचे हेही यंत्रावर सोपवले. तोवर खडकाचे टोक, झाडाचा शेंडा अशा जुळत्या खुणा बहुतेक छांदिष्टांना एकेक करून हाताने लावाव्या लागत.

वळण्याचा बिंदू. संगणकाची जोडणी सोपी झाल्यामुळे खरे काम घरी होते असा समज पसरला. तो बरोबर नाही. पॅनोरमा बिघडतो तो जागेवरच, आणि त्याचे मोठे कारण पराशय (पॅरलॅक्स) हे असते, म्हणजे पाहण्याची जागा सरकली की जवळची वस्तू दूरच्या वस्तूवर सरकल्यासारखी दिसणे. एक डोळा मिटून समोर बोट धरावे आणि मान थोडी बाजूला न्यावी. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. कॅमेरा वळताना लेन्सही अशीच बाजूला सरकली, तर जवळची फांदी मागच्या डोंगरावर एका फोटोत एका ठिकाणी आणि दुसऱ्या फोटोत दुसऱ्या ठिकाणी पडते. मग कोणतीही प्रणाली ती नीट जोडू शकत नाही.

हे टाळायचे तर कॅमेरा एका विशिष्ट बिंदूभोवती फिरला पाहिजे. लेन्समध्ये समोरून डोकावल्यावर प्रकाश आत घेणारे छिद्र ज्या खोलीवर असल्यासारखे दिसते, तो हा बिंदू. छांदिष्ट मंडळी त्याला ‘नोडल पॉइंट’ म्हणतात. प्रकाशशास्त्रात नोडल पॉइंट म्हणजे वेगळेच काही, पण हे नाव आता रुळले आहे. ट्रायपॉडचा स्क्रू कॅमेऱ्याच्या बुडाशी असतो आणि हा बिंदू त्याच्या बराच पुढे, म्हणून कॅमेरा मागे सरकवून बसवणारी पट्टी किंवा पॅनोरमा हेड वापरतात. बिंदू शोधणे अवघड नाही. जवळची एक उभी काठी आणि दूरचा एक खांब एका रेषेत धरावेत, कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवावा, आणि दोघांची रेष मोडेनाशी होईपर्यंत पट्टी मागे-पुढे करावी. झूम लेन्समध्ये हा बिंदू फोकल लेन्थनुसार, म्हणजे झूम किती मिलिमीटरवर आहे त्यानुसार, बदलतो, म्हणून पट्टीवर खुणा करून ठेवतात.

हे सगळे नेहमीच लागते का? समजा, बिंदू स्क्रूच्या ८ सेंटिमीटर पुढे आहे आणि दोन फोटोंमध्ये कॅमेरा २० अंश वळला. लेन्स साधारण २.८ सेंटिमीटर सरकली. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर लेन्स असेल, तर २ मीटरवरचे झुडूप दूरच्या पार्श्वभूमीवर शंभराहून अधिक पिक्सेल हलते. १ किलोमीटरवरचा कडा मात्र पाव पिक्सेलही नाही. म्हणून चित्रात फक्त दूरच्या डोंगररांगा असतील तर हातात कॅमेरा धरूनही उत्तम पॅनोरमा निघतो, आणि पायापाशी फुले, दगड, कुंपण हवे असेल तर पॅनोरमा हेडवाचून गत्यंतर नाही. या दोहोंमध्ये एक फार साधा उपाय आहे: लेन्सला दोरा बांधून त्याच्या टोकाला वजन लोंबकळत सोडायचे आणि ते जमिनीवरच्या एकाच खुणेवर राहील असे स्वतः कॅमेऱ्याभोवती फिरायचे. नवशिक्या शरीराभोवती कॅमेरा फिरवतो. दोऱ्याने ही सवय एका दुपारी मोडते.

फोटो घेताना. कॅमेरा बहुधा उभा धरतात, म्हणजे आकाश आणि जमीन पुरेशी मिळते आणि शेवटी कडा कापायला जागा उरते. शेजारच्या दोन फोटोंत सुमारे ३० टक्के भाग सामाईक ठेवतात. फुल-फ्रेमवर उभी धरलेली ५० मिलिमीटर लेन्स आडवी २७ अंश पाहते, त्यामुळे दर वेळी १९ अंश वळत १८० अंशांना नऊ-दहा फोटो लागतात. ८५ मिलिमीटरला सोळाच्या आसपास. वाइड लेन्सने फोटो कमी लागतात हे खरे, पण दूरचा डोंगर त्यात इवलासा होतो. पॅनोरमात डोंगराला डोंगराएवढे ठेवायचे असेल तर लांब लेन्स घेऊन जास्त फोटो काढणे केव्हाही चांगले.

एक्स्पोजर (किती प्रकाश घ्यायचा), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) आणि फोकस पहिल्या फोटोपूर्वीच हाताने ठरवून शेवटपर्यंत तसेच ठेवतात. ऑटोवर सोडल्यास सूर्याकडचा फोटो काळवंडतो, पाठीमागचा उजळतो आणि आकाशात पट्टे उमटतात. एक्स्पोजर दृश्याच्या सर्वांत उजळ भागावरून धरावे, सूर्य मात्र वगळून. पोलरायझर फिल्टर काढून ठेवणे इष्ट. सूर्यापासून ९० अंशांवरचे आकाश त्यातून सर्वाधिक गडद होते, आणि रुंद चित्रात तो गडद निळा पट्टा डागासारखा दिसतो. ट्रायपॉडचे डोके पाणसळीत नसेल तर क्षितिज लाटेसारखे वर-खाली होते. दोन मालिका घरी गेल्यावर एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मालिकेच्या आधी आणि शेवटी स्वतःच्या पंजाचा एकेक फोटो काढण्याची पद्धत आहे. ती फार उपयोगी पडते.

मोबाइलमध्ये फोन हळू सरकवत नेला की उभ्या अरुंद पट्ट्या जोडल्या जाऊन चित्र बनते. फोन ज्या दिशेने वळतो त्याच दिशेने जाणारी वस्तू ताणली जाते, उलट येणारी आखूड होते. सराव म्हणून हे साधन उत्तम आहे. एखादी जागा पॅनोरमाजोगी आहे की नाही, हे ट्रायपॉड उघडण्यापूर्वी त्यावर लगेच कळते.

वेळेचा प्रश्न मात्र आजही मायब्रिजइतकाच खरा आहे. ढग वाऱ्यावर असतील तर सगळी मालिका अर्ध्या मिनिटात संपवावी लागते. समुद्राची लाट दोन फोटोंत सारखी नसतेच. तिथे सांधा पाण्यातून न नेता स्थिर खडकावरून न्यायचा असतो आणि त्यासाठी खडक सामाईक भागात येईल असे आधीच वळावे लागते.

गोल दृश्य सपाट कागदावर. भोवतालचे दृश्य म्हणजे गोलाची आतली बाजू. नकाशाप्रमाणेच ती सपाट करताना काहीतरी वाकतेच. अशा सपाट करण्याच्या रीतीला प्रक्षेपण म्हणतात. सरळ रेषा सरळच ठेवणारे प्रक्षेपण ९० अंशांपर्यंत शोभते, पण १२० अंशांना चित्राची रुंदी ९० अंशांच्या चित्राच्या १.७ पट होते, १५० अंशांना ३.७ पट, आणि १८० अंशांना ती अनंत. कडेचे डोंगर त्यात ओढल्यासारखे दिसतात. दंडगोल प्रक्षेपणात उभ्या रेषा सरळ राहतात आणि प्रत्येक दिशेला सारखी रुंदी मिळते. समोरून आडवा जाणारा सरळ रस्ता मात्र धनुष्यासारखा वाकतो. डोंगर, दऱ्या आणि वनराई यांत सरळ आडव्या रेषा क्वचितच असतात, म्हणून निसर्गदृश्यांना दंडगोलच बहुधा मानवतो. सरळ किनारा किंवा कालव्याची भिंत समोर असेल, तर तिला काटकोनात तोंड करून उभे न राहता कोपऱ्यावर जाऊन उभे राहिल्याने वाक पुष्कळ लपतो.

रुंदीचा मोह. हा छंद लागलेल्या प्रत्येकाकडे पहिल्या वर्षाचे असे कितीतरी पॅनोरमा असतात, ज्यांत सगळे काही आहे आणि पाहण्यासारखे काही नाही. ३६० अंश मिळतात म्हणून घेऊ नयेत. कुठे सुरुवात करायची आणि कुठे थांबायचे, हा पॅनोरमातला सर्वांत कठीण निर्णय. दोन्ही टोकांना नजर अडवणारे काही हवे, उदाहरणार्थ उतरती कड, झाड किंवा सावलीतला उतार. नाहीतर डोळा चित्राबाहेर घरंगळतो. प्रकाश बाजूने येत असेल तर डोंगरांच्या घड्या उठून दिसतात, पण १८० अंशांत तो सगळीकडे बाजूने येऊ शकत नाही. सूर्य पाठीशी घेतला तर मधला भाग सपाट होतो. म्हणून सूर्योदयानंतरचा काही काळ, किंवा ढगांनी उजेड समान केलेला दिवस निवडतात.

छापताना हा छंद खरा फळाला येतो. वरच्या उदाहरणातील ५० मिलिमीटर लेन्सने घेतलेले १८० अंशांचे चित्र सुमारे २६,००० पिक्सेल रुंद होते. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर सव्वादोन मीटरच्या आसपासचा कागद. मोबाइलच्या पडद्यावर तेच चित्र बोटभर पट्टी होते. पॅनोरमा भिंतीवर लावून त्याच्यासमोर चालत पाहायचा असतो.

डोंगरप्रेमी छांदिष्टांची आणखी एक आवड म्हणजे दिसणाऱ्या प्रत्येक शिखराचे नाव चित्रावर लिहिणे. आपण उभे असतो त्या जागेच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणले की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळते. वातावरणात प्रकाश वाकत असल्याने प्रत्यक्षात थोडे अधिक दिसते. २,५०० मीटरवरून या सूत्राने ते जवळजवळ १८० किलोमीटर येते, आणि क्षितिजापलीकडची उंच शिखरे डोकावतात ती वेगळीच. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंचीच्या आकड्यांवरून आता संगणक जवळजवळ कोणत्याही बिंदूवरून दिसणारी डोंगररेषा काढून देतो. आपला पॅनोरमा तिच्याखाली ठेवून शिखरे जुळवण्यात संध्याकाळ कशी जाते ते कळत नाही.

यासाठी फोटो जिथून घेतला ती जागा, उंची, दिशा, तारीख आणि वेळ यांची नोंद ठेवावी, आणि मूळ फोटो जोडणी झाल्यावरही जपावेत. इटालियन गिर्यारोहक-छायाचित्रकार व्हित्तोरियो सेल्ला याने १९०९ च्या मोहिमेत काराकोरममधील बाल्टोरो हिमनदीचे पॅनोरमा घेतले होते. शंभर वर्षांनी छायाचित्रकार त्याच्या जागा शोधत तिथे गेले. समोरच्या शिखरांच्या रेषा एकमेकींवर पूर्वीसारख्याच पडेपर्यंत ते कॅमेरा सरकवत राहिले आणि मग तेच दृश्य पुन्हा टिपले. जुन्या-नव्या चित्रांतील बर्फाची पातळी आता शेजारी ठेवून पाहता येते.