डक स्टॅम्प

डक स्टॅम्प : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बदके, कलहंस आदी पाणपक्ष्यांची शिकार करण्यासाठी दरवर्षी विकत घ्यावे लागणारे संघराज्य सरकारचे तिकीट. अधिकृत नाव ‘मायग्रेटरी बर्ड हंटिंग अँड कॉन्झर्वेशन स्टॅम्प’. वयाची १६ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक शिकाऱ्याला ते सक्तीचे आहे. नावात ‘स्टॅम्प’ असला, तरी ते टपालाचे तिकीट नाही आणि पत्रावर लावून चालत नाही. आपल्याकडे पगाराच्या पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून त्यावर आडवी सही करतात, तसाच हा प्रकार आहे : छापील तिकिटावर शिकाऱ्याने शाईने सही केली की ते वैध ठरते. किंमत २५ डॉलर. त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जमिनी मिळवून त्या राखण्यासाठीच्या निधीत जातात. १९३४ पासून या विक्रीतून १२० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आणि ६० लाख एकरांहून अधिक अधिवास सुरक्षित झाला. हे क्षेत्र गोवा राज्याच्या साधारण साडेसहा पट भरते.

शिकारीचे तिकीट विकून पक्षी वाचवायचे, ही गोष्ट मराठी वाचकाला प्रथम विसंगत वाटेल. या तिकिटाने शिकार पवित्र होत नाही आणि कायद्याचा तसा दावाही नाही. त्याचे महत्त्व पैशाच्या वाटेत आहे. कोणाकडून किती घ्यायचे, घेतलेले कोठे ठेवायचे आणि कशावरच खर्च करायचे, हे कायद्यानेच बांधून दिलेले आहे. या बंदिस्तपणामुळे ही योजना नऊ दशके टिकली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बाजारासाठी शिकार हा मोठा धंदा होता. चेसापीक उपसागरात होडीवर बसवलेल्या अजस्र बंदुकांनी एका बारात डझनावारी बदके पाडत आणि पिंपे भरून शहरांतल्या हॉटेलांना पाठवत. आकाश झाकोळून टाकणारे प्रवासी कबुतर याच काळात संपले. त्या जातीचा शेवटचा पक्षी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्यानंतर १९१६ मध्ये कॅनडाच्या वतीने सही करणाऱ्या ब्रिटनशी अमेरिकेचा स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचा करार झाला आणि १९१८ मध्ये त्याचा कायदा. बंदुकीला लगाम बसला, पण पक्ष्यांच्या पायाखालची जमीन जातच राहिली. दलदल म्हणजे वाया गेलेले रान, ते कोरडे करून नांगराखाली आणायचे, हा त्या काळचा सर्वमान्य विचार होता. १९२९ मध्ये संसदेने पक्ष्यांसाठी जमिनी घेण्याचा अधिकार सरकारला दिला. कायमचा पैसा मात्र दिला नाही. त्याच वर्षी शेअरबाजार कोसळला. पुढे अमेरिकेच्या मधल्या गवताळ पट्ट्यात दुष्काळ आणि धुळीची वादळे सुरू झाली, तळी आटली आणि बदकांची संख्या झपाट्याने खाली गेली.

या टप्प्यावर जे नॉरवुड ‘डिंग’ डार्लिंग हा माणूस पुढे येतो. आयोवा राज्यातल्या दे मॉइनच्या दैनिकाचा तो राजकीय व्यंगचित्रकार. पुलित्झर पारितोषिक त्याला दोनदा मिळाले, १९२४ आणि १९४३ मध्ये. तो रिपब्लिकन, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या धोरणांवर त्याने सडकून टीका केलेली. तरीही १९३४ मध्ये रूझवेल्टनी वन्यजीवांचे काम पाहणाऱ्या ‘ब्युरो ऑफ बायॉलॉजिकल सर्व्हे’ या खात्याची सूत्रे त्याच्याकडे दिली. शिकाऱ्यांकडून शुल्क घेऊन आश्रयक्षेत्रे उभारण्याची कल्पना १९२० च्या दशकापासून चर्चेत होती. १६ मार्च १९३४ रोजी रूझवेल्टच्या सहीने तिचा कायदा झाला. पहिल्या तिकिटाचे चित्र डार्लिंगनेच काढले : पाण्यावर उतरू पाहणारी मॅलार्ड बदकांची जोडी. ऑगस्ट १९३४ मध्ये ते एका डॉलरला विक्रीस आले आणि पहिल्या हंगामात ६,३५,००१ तिकिटे खपली. मंदीच्या ऐन भरात एक डॉलर ही किरकोळ रक्कम नव्हती. डार्लिंग खात्यात दोन वर्षेही राहिला नाही, पण आश्रयक्षेत्रांच्या फलकांवर आजही दिसणारा उडत्या निळ्या कलहंसाचा शिक्काही त्याच्याच हातचा.

तिकिटाची रक्कम ‘मायग्रेटरी बर्ड कॉन्झर्वेशन फंड’ या स्वतंत्र निधीत जमा होते. शस्त्रे आणि दारूगोळा यांवरील आयात शुल्काचा पैसाही याच निधीत येतो. कोणती जमीन घ्यायची, याला एका आयोगाची मंजुरी लागते. अंतर्गत खात्याचे आणि शेती खात्याचे मंत्री, पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमुख, शिवाय दोन सिनेटर आणि प्रतिनिधिगृहाचे दोन सदस्य त्यात असतात. सुरुवातीची बरीच वर्षे मात्र निधीला गळती होती. तिकिटाच्या पैशातून देखभाल, कारभार आणि कायद्याची अंमलबजावणी असे खर्च भागवले जात आणि जमीन मागे पडे. १९५८ च्या दुरुस्तीने ही गळती बुजवली आणि पैसा जमीन मिळवण्यासाठी राखून ठेवला. माझ्या मते १९३४ च्या मूळ कायद्याइतकेच मोल या दुरुस्तीला आहे. चांगल्या हेतूने उभारलेला निधी कारभाराच्या खर्चात विरघळून जातो, हे कोणत्याही देशात घडते. येथे ते वेळीच ओळखले गेले.

त्याच दुरुस्तीने आणखी एक दार उघडले. उत्तर व दक्षिण डकोटा, मिनेसोटा, मोंटाना आणि आयोवा या राज्यांत, तसेच सीमेपलीकडे कॅनडात, हिमनद्या मागे हटताना राहिलेले लाखो उथळ खळगे आहेत. वसंतात बर्फ वितळले की ते भरतात आणि त्यांत कीटक, गोगलगायी, पाणवनस्पती यांची रेलचेल होते. अंडी घालणाऱ्या मादीला लागणारी प्रथिने नेमकी येथे मिळतात. उत्तर अमेरिकेतील बदकांचा फार मोठा हिस्सा याच पट्ट्यात वाढतो, म्हणून तिकडे या भागाला ‘बदकांचा कारखाना’ म्हणतात. शेतात विखुरलेला एकेक खळगा जेमतेम एक-दोन एकरांचा. मोठी अभयारण्ये घोषित करून असे खळगे वाचत नाहीत. १९५८ नंतर असे छोटे तुकडे घेऊन ‘वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया’ म्हणून राखण्याची सोय झाली. असे पहिले क्षेत्र १९५९ मध्ये दक्षिण डकोटातल्या डे काउंटीत घेतले गेले.

प्रत्येक वेळी जमीन विकतच घेतात असे नाही. पुष्कळदा शेतकऱ्याशी कायमचा करार होतो. मालकी त्याचीच राहते आणि त्याला एकरकमी मोबदला मिळतो. त्या बदल्यात खळग्यातले पाणी काढून द्यायचे नाही, तो बुजवायचा, सपाट करायचा किंवा जाळायचा नाही, असे बंधन जमिनीवर येते. जमीन विकली, वारसांकडे गेली, तरी बंधन तिच्याबरोबर जाते. एखाद्या वर्षी खळगा आपोआप कोरडा पडला, तर त्यात पेरणी करायला हरकत नसते. शेती आणि बदके एकाच बांधाच्या आत नांदू शकतात, हे मान्य करणारी ही तडजोड मला या योजनेतला सर्वांत शहाणा भाग वाटतो. २०१४ च्या कायद्याने तिकिटाची किंमत १५ वरून २५ डॉलर केली, तेव्हा वाढीव १० डॉलर अशा करारांसाठीच राखून ठेवले.

किंमत वाढवणे कधीच सोपे गेले नाही. एका डॉलरचे १९४९ मध्ये दोन झाले, १९५९ मध्ये तीन, १९७२ मध्ये पाच. १९९१ मध्ये १५ डॉलरवर पोचलेली किंमत पुढे जवळजवळ पाव शतक हलली नाही. त्या काळात जमिनीचे भाव कितीतरी वाढले, म्हणजे तेवढ्याच तिकिटांत दरवर्षी कमी एकर येऊ लागले. २०१४ साली वाढ मागणाऱ्यांत शिकाऱ्यांच्या संघटनाच पुढे होत्या.

या पैशातून उभी राहिलेली किंवा वाढलेली ठिकाणे पाहिली की योजनेचा आवाका कळतो. न्यू मेक्सिकोत रिओ ग्रान्दे नदीकाठच्या बॉस्के देल अपाचे येथे हिवाळ्यात हजारो सँडहिल क्रौंच आणि पांढरे स्नो गूज उतरतात. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचे पार्कर रिव्हर, डेलावेअरमधले बॉम्बे हुक, टेक्ससमधले लागुना अतास्कोसा हीही आश्रयक्षेत्रे या निधीतून घडली. त्यांचा फायदा फक्त बदकांना होत नाही. तुतारी पक्षी, पाणकोंबड्या, बगळे, बेडूक, कासवे, मधमाश्या, सगळेच तेथे असतात. पावसाचे पाणी मुरते आणि पुराचा जोर ओसरतो. १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे २९० कोटी पक्षी घटले, असा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गवताळ रानातले पक्षी, चिमण्यांच्या कुळातले पक्षी, बहुतेक गटांची घसरण त्यात दिसते. बदके-कलहंसांचा गट मात्र ५६ टक्क्यांनी वाढलेला आहे. याचे सगळे श्रेय एका तिकिटाला देता येणार नाही. शिकारीवरच्या मर्यादा, १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांवर आलेली देशव्यापी बंदी आणि ओले हंगाम यांचाही त्यात वाटा आहे. तरी ज्या गटाच्या अधिवासासाठी कायमचा आणि बांधीव पैसा होता, तो गट सावरला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तिकिटावरचे चित्र हा स्वतंत्र आवडीचा विषय झाला आहे. सुरुवातीला चित्रकाराला निमंत्रण देत. १९४९ पासून खुली स्पर्धा सुरू झाली. पहिल्या स्पर्धेत ६५ चित्रकारांची ८८ चित्रे आली होती. दरवर्षी चित्रासाठी कोणत्या जाती चालतील, हे आधी जाहीर होते. चित्र दहा इंच रुंद, सात इंच उंच आणि हाताने काढलेले असावे लागते. विजेत्याला सरकार रोख बक्षीस देत नाही. त्याला तिकिटांचा एक सही केलेला ताव मिळतो. कमाई होते ती चित्राच्या प्रती विकून. आयोवाच्या मेनार्ड रीस यांची चित्रे पाच वेळा तिकिटावर आली. त्यांपैकी १९५९ च्या तिकिटावर बदक तोंडात धरलेला ‘किंग बक’ नावाचा लॅब्रडॉर आहे. बदकापेक्षा कुत्रा ठळक असलेले हे एकमेव तिकीट. जखमी पक्षी वाया जाऊ नये म्हणून शिकवलेला कुत्रा वापरा, हा त्यामागचा संदेश. नॅन्सी हाऊ ही पहिली महिला विजेती. तिचे किंग आयडर बदकांचे चित्र १९९१-९२ च्या तिकिटावर आले. मिनेसोटाचे जिम, जो आणि रॉबर्ट हे तिघे हाउटमन भाऊ मिळून डझनाहून अधिक वेळा जिंकले आहेत.

२०२० मध्ये चित्रात शिकारीच्या परंपरेची खूण असलीच पाहिजे, असा नियम आला. चित्रकारांना बदकाजवळ शिकाऱ्याची शिटी, रिकामे काडतूस असले काहीतरी घालणे भाग पडले. २०२१ मध्ये नियम मागे घेतला गेला आणि ते योग्यच झाले. कारण शिकारी कमी होत आहेत. १९७० च्या सुमारास वर्षाला २४ लाखांच्या आसपास तिकिटे खपत. आता हा आकडा १५ लाखांच्या घरात आहे. घटत्या शिकाऱ्यांवर उभा असलेला निधी पुढे चालायचा, तर पक्षीनिरीक्षक, छायाचित्रकार आणि रानात फिरणारे यांनी तिकीट घेतले पाहिजे. कायदा त्यांना अडवत नाही. तिकीट कोणीही घेऊ शकतो. पण अनेक पक्षीप्रेमींना हे शिकाऱ्यांचे तिकीट आहे म्हणून संकोच वाटतो. उलट काही शिकाऱ्यांना वाटते, पैसा आम्ही देतो आणि आश्रयक्षेत्रांचा आनंद सगळे घेतात. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे आहे. जमिनीच्या दृष्टीने मात्र दोघांचे २५ डॉलर सारखेच.

मुलांसाठी ‘ज्युनियर डक स्टॅम्प’ हा उपक्रम १९८९ मध्ये सुरू झाला. त्याचे तिकीट पाच डॉलरचे. पैसा पर्यावरण शिक्षणाकडे जातो. राज्यांची तिकिटे वेगळी असतात. पहिले कॅलिफोर्नियाने १९७१ मध्ये काढले. कॅनडाने १९८५ मध्ये आणि न्यूझीलंडने १९९४ मध्ये याच धर्तीवर तिकिटे आणली.

भारतात अशी योजना नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. शिकारीचे परवाने देण्याची वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली, तेव्हा शिकाऱ्याकडून शुल्क घेण्याचा प्रश्नच उरत नाही. पक्षी मात्र काही प्रमाणात तेच आहेत. १९४५ च्या अमेरिकी तिकिटावरचा थापट्या आणि अनेक वर्षांच्या तिकिटांवरचे तलवार बदक हिवाळ्यात उजनीवर आणि नांदूर मध्यमेश्वरला येतात. नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतले स्थळ, म्हणून जाहीर झाले. त्यानंतर लोणार आणि ठाण्याची खाडी, तर गोव्यात नंदा तळे यादीत आले. यादीत नाव येणे ही एक गोष्ट आणि काठावरची जमीन दरवर्षी थोडी थोडी मिळवत जाण्यासाठी हातात हक्काचा पैसा असणे ही दुसरी. ही दुसरी गोष्ट आपल्याकडे अजून नाही.

अमेरिकेत तिकीट टपाल कचेऱ्यांत, खेळसाहित्याच्या दुकानांत, अनेक आश्रयक्षेत्रांवर आणि ऑनलाइन मिळते. ते १ जुलै ते पुढच्या ३० जूनपर्यंत चालते. प्रवेशशुल्क घेणाऱ्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयक्षेत्रांत ते वर्षभराचा पासही ठरते, त्यामुळे तेथे राहणाऱ्या किंवा लांब मुक्कामावर गेलेल्या मराठी पक्षीनिरीक्षकांनाही ते उपयोगी आहे. पूर्वी ऑनलाइन घेतलेले तिकीट ४५ दिवसच चाले आणि त्यानंतर कागदी तिकीट जवळ बाळगावे लागे. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने फोनवरचे तिकीट पूर्ण हंगामभर वैध केले. कागदी तिकीट आता हंगाम संपल्यावर, मार्चपासून पुढे, घरी पाठवतात.