पिवळं कार्ड नाही म्हणून उपचार सोडू नका

कोल्हापुरात एक समज वर्षानुवर्षं पक्का आहे: महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मोफत उपचार फक्त पिवळ्या रेशनकार्डावर मिळतात. हे खरं नाही, आणि या समजापायी माणसं दागिने गहाण टाकतात, याचं फार वाईट वाटतं.

योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली, तेव्हापासून केशरी कार्डही त्यात होतं. २०२३ च्या शासन निर्णयानं पांढरं कार्डही आलं, आणि उपचारखर्चाची दीड लाखाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख झाली. मात्र योजना दाखल होऊन घ्यायच्या, यादीतल्या उपचारांसाठी आहे. साध्या तपासणीसाठी नाही.

रुग्णालय योजनेत असावं लागतं. तिथं आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करणारा योजनेचा माणूस बसतो, त्यालाच गाठा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही हीच पद्धत. रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. नियोजित शस्त्रक्रियेला आधी मंजुरी लागते, म्हणून पैसे भरण्याआधीच विचारा. तातडीच्या रुग्णाला मात्र फोनवरून मंजुरी मिळू शकते. एजंटाला एक रुपयाही द्यायचा नाही. शंका असेल तर १५५३८८ वर फोन करा.